पुरुषांच्या मासिकांचा बाप कोण? माझं उत्तर: शिंपी

जुनाबाजार
परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, की पुरुषांची मासिकं म्हणजे गुळगुळीत कागदावर बायकांचे फोटो, बाकी सगळी रद्दी. तिथे वाद वाढवला नाही, कारण तो धागा फोडणीच्या भाताचा होता. म्हणून इथे वेगळी चूल.

जुनी नियतकालिकं जमवायचा मला नाद आहे. त्या नादातून बनलेलं मत असं: जगातली बरीचशी नावाजलेली पुरुष-मासिकं कपड्यांच्या दुकानात जन्मली. फोटो नंतर आले, आणि ते का आले याचंही कारण कपडेच.

१९३१ साली अमेरिकेत 'अ‍ॅपरल आर्ट्स' नावाचं एक भलंमोठं, जाडजूड नियतकालिक निघालं. ते वाचकांसाठी नव्हतंच, कापड-कपडे विकणाऱ्या दुकानदारांसाठी होतं. आत खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. दुकानदाराने काउंटरवर ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं, की हा ट्वीड, हा फ्लॅनेल, याचा कोट असा दिसेल. पण गिऱ्हाइकं ते चाळायला घ्यायची आणि खुशाल घरी घेऊन जायची. तेव्हा ते काढणाऱ्या डेव्हिड स्मार्ट आणि आर्नल्ड गिंगरिच या मंडळींच्या डोक्यात उजेड पडला, की पुरुषाला हे वाचायचंय, फक्त तसं म्हणायची चोरी आहे. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, त्यांनी 'एस्क्वायर' काढलं. किंमत ५० सेंट. त्या काळी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' ५ सेंटला मिळायचं. एक लाखाच्या वर प्रती छापल्या, त्यातल्या पाचेक हजार तेवढ्या स्टॉलसाठी आणि बाकी सगळ्या कपड्यांच्या दुकानांसाठी. स्टॉलवरच्या हां हां म्हणता संपल्या आणि दुकानांत गेलेल्या प्रती परत मागवून स्टॉलवर पाठवाव्या लागल्या.

आता गंमत. कोटाची कॉलर, टायची गाठ, स्वयंपाक, वाइन असं सगळं छापायचं, तर वाचणाऱ्याला लोक बायल्या म्हणतील ही भीती. म्हणून गिंगरिचने पहिल्याच अंकात हेमिंग्वेला क्युबातल्या मासेमारीवर लिहायला लावलं, आणि सोबत चावट व्यंगचित्रं आणि सुंदर बायकांची चित्रं पेरली. म्हणजे ती चित्रं हा दुकानाचा दर्शनी पडदा होता. आत विक्री चालली होती कोटांची.

तुम्ही काय वाचलंत, कुठल्या देशात वाचलंत, आणि माझा सिद्धान्त कुठे उसवतो, ते सांगा.

खवचट खोत
थोडक्यात, 'मी फक्त लेख वाचायचो' म्हणणाऱ्यांना अखेर वकील मिळाला.

गंपूनाना
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मंजिरी अजून आल्या नाहीत.

शिंप्याचा पोर
शीर्षक वाचून आत आलो, कारण आयडीच तसा आहे. कराडला आमचं दुकान. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बाबा रद्दीवाल्याला सांगून ठेवायचे, इंग्रजी मासिकं आली की आधी मला दाखव. बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते मासिक शेवटून उघडायचे आणि अंगठ्याला थुंकी लावून भराभर पानं उलटत जायचे. सुटाबुटातला माणूस दिसला की थांबायचे, खिशातला खडू काढून त्याच्या खांद्याच्या शिवणीवर बारीक खूण करायचे. मग ते पान दोऱ्याने शिवलेल्या एका वहीत जायचं. वहीत शेजारी मिलचं शेडकार्ड. लग्नसराईत नवरदेव आला की वही पुढे. "असा लॅपल, असे दोन कट, आणि पँट खाली जराशी ढिली."

त्या वहीतली पानं गायब व्हायची. गिऱ्हाईक ट्रायलला आत गेलं की एखादं पान घडी घालून खिशात. बाबा म्हणायचे, सुटाचं पान नेलं तर समजावं माणूस सूट शिवणार, आणि बाईचं पान नेलं तर समजावं उधारी बुडणार. तेव्हा अमेरिकेतली गिऱ्हाइकं मासिक पळवायची यात मला काही नवल वाटलं नाही.

जुनाबाजार
@शिंप्याचा पोर, दंडवत! ती वही अजून आहे का? असेल तर काही पानांचे फोटो टाका ना.

शिंप्याचा पोर
भावाकडे आहे. विचारतो.

सुभानराव
धागाकर्ते फार एकाच बाजूने खेचताय. शिंपी हा एक काका असेल, बाप नव्हे. अमेरिकेतच दुसरं घराणं होतं. स्वस्त कागदावरची साहसकथांची मासिकं. 'आर्गोसी' तर १८८२ पासूनचं, मुळात पोरांसाठी काढलेलं, नंतर मोठ्यांचं झालं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना टायच्या गाठीशी काय देणंघेणं? त्यांना पाहिजे मगरीशी कुस्ती, जंगल, बंदूक, नाझींच्या तावडीतून सुटका. पन्नाशीच्या दशकात अशा मासिकांचा नुसता पूर आला होता. 'मॅन्स लाइफ'च्या १९५६ सालच्या एका मुखपृष्ठावर पाण्यात उभ्या माणसाला मुंगसासारखे प्राणी चावताहेत असं चित्र आहे, आणि कथेचं नावही तसंच. मारिओ पुझो गॉडफादर लिहिण्याआधी असल्याच मासिकांत टोपणनावाने पानं भरत बसायचा.

आणि याच आर्गोसीने १९४८ पासून रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनरचं एक सदर चालवलं. विनाकारण शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांची प्रकरणं पुन्हा उकरून काढायची, तज्ज्ञ नेमायचे, साक्षीदार शोधायचे. त्यातून खरोखर माणसं तुरुंगाबाहेर आली. यात कुठे आला तुमचा शिंपी?

जुनाबाजार
मान्य, ते घराणं वेगळं. पण ते निर्वंश झालं ना? सत्तरीत ती मासिकं पटापट बंद पडली. जाहिराती कसल्या असायच्या त्यात? पिळदार शरीर कमवा, घरबसल्या रेडिओ दुरुस्ती शिका, हर्नियाचा पट्टा. तेवढ्यावर किती दिवस निघणार? कपड्यांचं घराणं टिकलं, कारण त्याच्या मागे धंदा उभा होता. अ‍ॅपरल आर्ट्सचंच १९५७ मध्ये 'जंटलमेन्स क्वार्टर्ली' झालं, म्हणजे आजचं जीक्यू.

मंजिरी_पर्वती
आले आले, गंपूनाना, पॉपकॉर्न सांडू नका.

जुनाबाजार, पडद्याची गोष्ट ऐकायला छान आहे. पण पडद्यावर जिचं चित्र आहे तिला काय मिळालं, हे तुम्ही शिताफीने गाळलंत. प्लेबॉयचा पहिला अंक, डिसेंबर १९५३. त्यातला मेरिलिन मन्रोचा फोटो १९४९ मध्ये एका कॅलेंडरसाठी काढलेला. तेव्हा तिच्याकडे काम नव्हतं, पैशांची निकड होती. तिला ५० डॉलर मिळाले. प्लेबॉय काढणाऱ्या हेफनरने कॅलेंडरवाल्या कंपनीला ५०० डॉलर देऊन छापायचा हक्क घेतला आणि अंकाच्या पन्नास हजारांवर प्रती खपवल्या. तिला त्यातली दमडीही नाही.

आणि कपड्यांचंच बोलायचं, तर तेही बोलू. १९६३ मध्ये ग्लोरिया स्टायनम ही पत्रकार खोट्या नावाने न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात बनी (सशाच्या वेशातली वेट्रेस) म्हणून नोकरीला लागली आणि मग 'शो' मासिकात सगळं लिहिलं. तो पोशाख इतका आवळलेला, की श्वास घ्यायची पंचाईत. वर त्याच पोशाखाच्या धुलाईचे पैसे पगारातून कापायचे. हाही शिंप्याचाच इतिहास ना? लिहा की सिद्धान्तात.

खवचट खोत
सिद्धान्त उसवला. रफू करणारे कुठे आहेत?

जुनाबाजार
मंजिरी, मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधात तो नाही. कोट विकायला बाई वापरली असंच तर मी म्हणतोय. हेफनर मुळात एस्क्वायरमध्येच जाहिरातींचा मजकूर लिहायला होता. ५ डॉलर पगारवाढ मागितली, मिळाली नाही, म्हणून बाहेर पडला. १९५६ मध्ये त्याच्या मासिकाने दोन अंकांत मिळून एका काल्पनिक फ्लॅटचा आराखडा छापला. पलंग कुठला, दिवे कसे, खुर्ची कुणाची. एकट्या राहणाऱ्या पुरुषाने घराच्या सजावटीत रस घ्यायचा, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! मधल्या पानावर बाई नसती, तर ते चक्क गृहशोभिकाच होतं.

मंजिरी_पर्वती
"गृहशोभिकाच होतं" :-) हे मात्र फ्रेम करून लावण्यासारखं. पण मग मला सांगा, बाईने पडदा व्हायचं आणि बायल्या म्हणवून घ्यायचं नाही म्हणून पुरुषाने तिच्यामागे लपायचं, यात जास्त केविलवाणं कोण?

पिक्सेलराव
अवांतर आहे, पण राहवत नाही. ज्यांनी कुणी कॉलेजात इमेज प्रोसेसिंग शिकलंय त्या सगळ्यांनी प्लेबॉयमधला एक फोटो पाहिलाय, बहुतेकांना माहीतही नव्हतं. टोपी घातलेली, खांद्यावरून वळून बघणारी मुलगी. 'लेना'. आम्हाला प्रॅक्टिकलला तीच असायची. धूसर करा, कडा शोधा, दाबून लहान करा, परत मोठी करा. टोपीवरच्या पिसांमुळे बारीक तपशील भरपूर, म्हणून कामाला सोयीची.

१९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी नवीन चित्र हवं होतं. कुणाच्या तरी हातात नोव्हेंबर १९७२ चा प्लेबॉय होता. मधलं पान खांद्यापर्यंतच स्कॅन केलं, ५१२ गुणिले ५१२. पुढे पन्नास वर्षं जगभरच्या शोधनिबंधांत तीच. शेवटी आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले निबंध घ्यायचं बंद केलं. त्या बाईंनीही आपल्याला आता निवृत्त करा असं सांगून झालं होतं. आमच्या वर्गात मुली होत्या, मॅडम शिकवायच्या, आणि हे चित्र कुठून आलं ते एकालाही माहीत नव्हतं.

मंजिरी_पर्वती
मी बी.ई. ईअँडटीसी. ती टोपी मी ग्रेस्केलमध्ये किती वेळा पाहिली असेल देव जाणे. आत्ता कळतंय!

गंपूनाना
तो नोव्हेंबर ७२ चा अंक म्हणजे त्यांचा सर्वात जास्त खपलेला, सत्तर लाखांच्या वर प्रती. योगायोग बघा.

दृष्टीआड सृष्टी
'मी फक्त लेख वाचतो' हे शब्दशः खरं असलेले वाचकही होते बरं का. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या अंध वाचकांसाठीच्या विभागाने १९७० पासून प्लेबॉय ब्रेलमध्ये काढलं. अर्थातच चित्रांशिवाय. १९८५ मध्ये काही खासदारांना सरकारी पैशाने हे चाललंय म्हणून कापरं भरलं आणि त्यांनी नेमकी तेवढी रक्कम अनुदानातून कापली. अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. ब्रेल आवृत्ती पुन्हा सुरू झाली.

मी स्वतः अंध आहे, ब्रेल मराठीतून शिकलो. आमच्यासाठी कुठलं मासिक 'योग्य' हे डोळस मंडळी ठरवतात, हा अनुभव इथलाही आहे. त्यामुळे त्या निकालाबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे.

खवचट खोत
हा धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. मी टोपी काढली (पिसांची नव्हे).

टोकियोकर
जपानचं सांगतो, कारण धागाकर्त्यांचा सिद्धान्त इथे तर अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो.

१९५४ मध्ये एका बायकांच्या मासिकाच्या प्रकाशकाने 'ओतोको नो फुकुशोकु' काढलं, पुरुषांच्या पेहरावाचं. पुढे त्याचंच 'मेन्स क्लब' झालं. त्यात लिहिणारा आणि ते चालवण्यात पुढे असलेला माणूस केन्सुके इशिझु, म्हणजे 'व्हॅन' या कपड्यांच्या ब्रँडचा मालक. त्यानेच अंक मोठ्या संख्येने विकत घेऊन आपल्या दुकानदारांना पोचवले. अमेरिकन विद्यापीठातली पोरं कशी राहतात, शर्टाच्या कॉलरला बटणं का, पँटची उंची किती, असं सगळं नियमावलीसारखं. नियमावली म्हटली की जपानी माणूस खूश.

मग १९६४ मध्ये 'हेइबॉन पंच' साप्ताहिक आलं. कपडे, गाड्या आणि बायकांचे फोटो. त्या उन्हाळ्यात ते बघून नटलेली पोरं गिंझातल्या मियुकी रस्त्यावर नुसती उभी राहायला लागली. काही करत नव्हती, फक्त उभी. दुकानदार वैतागले, ऑलिम्पिक तोंडावर आलेलं, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून पोलिसांनी धरपकड केली. बटणवाली कॉलर घातली म्हणून चौकीत!

मला स्वतःला वेड आहे ते 'पॉपआय'चं. १९७६ साली सुरू झालं. पहिला अंक सगळा कॅलिफोर्नियावर. याचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात बाईचा उघडा फोटो औषधालाही नाही म्हटलं तरी चालेल. एखाद्या अंकात पानंच्या पानं नुसती कॉफीची दुकानं, एखाद्यात पुस्तकं, एखाद्यात एकट्याने जेवायच्या जागा. माझ्या खोलीशेजारच्या कोंबिनीत (चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान) मासिकं खिडकीलगत मांडलेली असायची आणि ऑफिसातून परतणारे पुरुष उभ्या उभ्या वाचायचे. एका टोकाला पॉपआय, दुसऱ्या टोकाला 'ती' मासिकं, मध्ये मासेमारी आणि रेल्वे. २०१९ मध्ये मोठ्या कोंबिनी साखळ्यांनी 'ती' विकायचं बंद केलं, पुन्हा कारण तेच, रग्बी वर्ल्डकप आणि ऑलिम्पिकचे पाहुणे येणार.

पॉपआयला २०१२ पासून नवं रूप देणारे संपादक ताकाहिरो किनोशिता २०१८ मध्ये कुठे गेले असतील? युनिक्लो या कपड्यांच्या ब्रँडच्या कंपनीत. आता ते कंपनीचं मासिक काढतात आणि ते दुकानात फुकट मिळतं.

जुनाबाजार
म्हणजे अ‍ॅपरल आर्ट्स पुन्हा काउंटरवर! टोकियोकर, तुम्ही माझं निम्मं काम केलंत.

खारघरची सुमन
टोकियोकर, एकट्याने जेवायच्या जागा यावर अख्खा अंक! आमच्याकडे बायकांच्या मासिकात चौघांसाठी साहित्य देतात. एकटीसाठी कुणी पाककृती लिहिली तर मी वर्गणी भरते.

मँचेस्टरचा भाऊ
आता विलायतेचं. इथेही 'मॅन अबाउट टाउन' १९५०च्या दशकात निघालं, ते 'टेलर अँड कटर' या शिंप्यांच्या व्यवसायपत्रातून. पुढे ते मायकेल हेझेलटाइन यांच्या प्रकाशनाने घेतलं, जे नंतर उपपंतप्रधान झाले. एफएचएमसुद्धा १९८५ मध्ये 'फॉर हिम' म्हणून सुरू झालं तेव्हा कपड्यांच्या दुकानांतून वाटलं जायचं. इथपर्यंत धागाकर्त्यांची बाजू.

पण मी इथे नव्वदीत आलो, आणि पाहिलं ते वेगळंच. १९९४ मध्ये 'लोडेड' आलं. बियर, फुटबॉल, मुली, वात्रटपणा. ज्यांना शहाणपण असायला हवं अशा पुरुषांसाठी, असं मुखपृष्ठावरच छापलेलं. सुरुवातीला लिहायचे झकास, हे कबूल. मग एफएचएमने तीच वाट धरली आणि महिन्याला सात लाखांवर खप नेला. मग २००४ मध्ये 'नट्स' आणि 'झू', दोन्ही साप्ताहिकं, त्यात लेख वगैरे भानगडच नाही. आमच्या वेअरहाऊसच्या चहाच्या खोलीत दर आठवड्याला दोन्ही पडलेली असायची. कोपरे चहाने चिकटलेले. कोट-बिट कुणी बघत नव्हतं.

२०१३ मध्ये को-ऑप सुपरमार्केटने सांगितलं, मुखपृष्ठ झाकणाऱ्या पाकिटात द्या नाहीतर ठेवणार नाही. नट्सने नकार दिला, बाहेर गेलं. २०१४ मध्ये बंदच पडलं. २०१५ संपता संपता झू आणि एफएचएमनेही गाशा गुंडाळला. कारण सोपं. तेच फोटो मोबाइलवर फुकट मिळायला लागले. आता उत्तर द्या. फोटो नुसता पडदा होता, तर पडदा फुकट झाल्यावर दुकान का बसलं?

सुभानराव
बिनतोड. जुनाबाजार, बोला.

जुनाबाजार
बिनतोड वाटतोय, पण पुढे बघा. बसली कुठली? ज्यांच्याकडे पडद्यामागे काहीच उरलं नव्हतं ती. एस्क्वायर, जीक्यू अजून उभी आहेत. का? घड्याळं, अत्तरं, सूट यांच्या जाहिराती. प्लेबॉयने तर स्वतःवरच प्रयोग केला. मार्च २०१६ च्या अंकापासून नग्न फोटो बंद, वर्षभरात पुन्हा सुरू, २०२० मध्ये छापील अंकच थांबवला. फोटो काढले तरी धड चालेना, ठेवले तरी चालेना, कारण मधल्या काळात बाकीचं दुकान रिकामं झालं होतं. साठीच्या दशकात त्याच मासिकात मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स यांच्या मुलाखती येत. घेणारा अ‍ॅलेक्स हेली, स्वतः कृष्णवर्णीय पत्रकार.

गंपूनाना
नेहरूंचीही आली होती. ऑक्टोबर १९६३. त्यावर आपल्या वकिलातीने कळवलं, की ही खास दिलेली मुलाखत नाही, पंडितजींची जाहीर वक्तव्यं जोडून केलेली आहे. साहेबांची झोप उडाली असणार.

मँचेस्टरचा भाऊ
जुनाबाजार, म्हणजे जे जगलं ते तुमच्या सिद्धान्ताने जगलं आणि जे मेलं तेही तुमच्याच सिद्धान्ताने मेलं. असा सिद्धान्त मलाही पाहिजे, घराचे हप्ते फेडायला. माझ्या मते खरं कारण वाटपाचं आहे. रेल्वे स्टेशनावरचा स्टॉल गेला की मासिक गेलं, मग आत कोट असो की काहीही.

खट्याळ बाळू
भारतात ते प्लेबॉय कधी आलंच नाही, पण गोव्यात क्लब काढायचा घाट घातला होता, कांदोळीला. मी कळंगुटला हॉटेल लाइनमध्ये होतो. बायकांच्या संघटना, आमदार, सगळे तुटून पडले. २०१३ मध्ये पर्रीकर सरकारने परवाना नाकारला. किनाऱ्यावर गावातला प्रत्येक माणूस रोज त्याचीच चर्चा करी आणि प्रत्येकजण म्हणे, मी ते मासिक कधी पाहिलं नाही.

इंडोनेशियाहून
बाळूभाऊ, जकार्ताचं ऐका. २००६ मध्ये तिथे प्लेबॉयची आवृत्ती निघाली, एकही नग्न फोटो नाही. आपल्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याहून जास्त दिसतं. तरी कचेरीवर दगडफेक झाली. मंडळी बालीला हलली, तिथून काढत राहिली. संपादक एर्विन अर्नादा यांना खालच्या कोर्टांनी सोडलं, तर सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षं ठोठावली. २०१० मध्ये तुरुंगात गेले, पुढच्या वर्षी फेरविचारात सुटले. फोटो नसताना नुसत्या नावावर. हे तुमच्या शिंप्यात कसं बसवायचं ते मला सुचत नाही.

मंजिरी_पर्वती
हे धक्कादायक आहे. मला त्या मासिकाचा तिटकारा असला तरी यासाठी माणूस आत?

प्रभातरोडवरचे आजोबा
आपल्याकडेही झालंच की. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य', १९२७ ते १९५३. ते काही पुरुषांचं मासिक नव्हे, पण मुखपृष्ठावरच्या नग्न चित्रांमुळे ते घरात उशीखाली असायचं, आणि वाचणारे बहुतेक पुरुष. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. हरले, दंड भरावा लागला. कर्वे मात्र काढत राहिले. माझ्या वडिलांनी अंक बांधून ठेवले होते, वर कागदाचं कव्हर आणि त्यावर सुवाच्य अक्षरात 'आरोग्यविषयक'.

खवचट खोत
आजोबा, आमच्याकडे 'आवाज'चा दिवाळी अंक यायचा. खिडकीचित्रांची पानं आईने आधीच उघडून स्टेपल मारलेली. सगळी उत्सुकता त्या पिना काढण्यात.

खारघरची सुमन
खिडकीचित्रं बायकाही बघायच्या हो. हळदीकुंकवाला अंक फिरायचा.

नाशिकचा मास्तर
'डेबोनेर'चं नाव कुणी काढलं नाही अजून? १९७३ पासून मुंबईहून निघायचं. विनोद मेहता संपादक झाले ते त्यातूनच पुढे आले. मधल्या पानाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण कविता किती चांगल्या असायच्या! इम्तियाज धारकर ती पानं सांभाळायच्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक कवींना तेव्हा तिथे जागा मिळाली. मी खरंच कवितांसाठी घ्यायचो. हसा.

खवचट खोत
हसलो.

अनुराधा.द
मूकवाचक आहे, आज लिहिते. मला मूळ प्रश्नाकडे जायचंय. मराठीत 'स्त्री' १९३० मध्ये निघालं, किर्लोस्करांनी काढलं. नंतर 'माहेर', 'मेनका'. पुरुषांसाठी म्हणून एक तरी? मी लायब्ररीत काम करते. वाचक येऊन म्हणतात, "बायकांची मासिकं कुठे?" "पुरुषांची कुठे?" असं कुणी विचारलेलं नाही, कारण उरलेलं सगळं कपाट त्यांचंच समजलं जातं. राजकारण, क्रीडा, शेती, उद्योग. जुनाबाजारांच्या हिशेबाने बघितलं तर सूट-शर्टाच्या मोठ्या जाहिराती इंग्रजीकडे गेल्या, मराठीच्या वाट्याला दिवाळी अंकाचं एखादं मागचं पान आलं. त्यामुळे शिंप्याने इथे पैसे लावलेच नाहीत.

पण एक मराठी अंक या सिद्धान्तात बसत नाही. 'पुरुष स्पंदनं'. मुंबईच्या 'मावा' संस्थेचा दिवाळी अंक. ही संस्था १९९३ पासून बाईवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांमध्ये काम करते. अंकात पुरुष लिहितात. रडण्याबद्दल, बापपणाबद्दल, मारकुट्या घराबद्दल. कोट नाही, घड्याळ नाही, पडद्यावर बाईही नाही. आमच्याकडे तो अंक नेणाऱ्या बहुतेक बायका असतात. एक गृहस्थ मात्र तो नेहमी दुसऱ्या दोन अंकांच्या मध्ये ठेवून काउंटरवर आणतात.

मंजिरी_पर्वती
अनुराधाताई, दोन अंकांच्या मध्ये!! जुनाबाजार, हेच तुमचं १९३३.

जुनाबाजार
नमस्कार आहे तुम्हाला, अनुराधाताई. हा अंक मी ऐकून होतो, जमवलेला नाही. मावाचा मुद्दा माझ्या सिद्धान्ताबाहेरच राहतो आणि तो मी ओढूनताणून आत घालत नाही. जाहिरातदाराशिवाय पुरुषांचं मासिक चालू शकतं, फक्त ते धंदा म्हणून चालत नाही, देणग्यांवर आणि हट्टावर चालतं. जकार्ताचाही मुद्दा बाहेरच. जुने अंक कुठे मिळतील?

अनुराधा.द
संस्थेकडेच विचारा. आमच्याकडे काही दुबार प्रती आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शिंप्याचा पोर
भावाशी बोललो. वही आहे, पण वहिनींनी तिच्या मधल्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिलाय. फोटो रविवारी टाकतो. दुधाचा भाव तेव्हाचा आहे, तेवढ्यावरून साल कळेल.

गंपूनाना
टोकियोकर, ते फुकटचं मासिक कुर्ल्याच्या दुकानात ठेवतात का? मुलगी शनिवारी जाणार आहे.

टोकियोकर
भारताचं माहीत नाही, काउंटरवर विचारायला सांगा. पण नानासाहेब, मुलीला नुसतं मासिक घेऊन बाहेर पडायला बजावा. माझे त्या नादात आत्तापर्यंत तीन स्वेटर झालेत.